बाळकूमच्या राघोचे वय

प्रति,
मेहेरबान डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट साहेब,
जिल्हा ठाणे, मुक्काम ठाणे.

अर्जदार : मोरेश्वर बापूजी कारखानीस, पेन्शनर हेडमास्तर, राहणार मौजे नौपाडे, तालुका साष्टी.

विषय : नऊ वर्षांच्या मुलास बारा वर्षांचा ठरवून पाच वर्षे सुधारणाशाळेत ठेवण्याचा हुकूम रद्द होण्याबाबत, तसेच ज्या इसमाने त्याचे वय वाढविले त्याच्यावर खटला होण्याबाबत.

संदर्भ : (१) खालच्या कोर्टाचा हुकूम, तारीख १९ एप्रिल १८९३.
(२) अर्जदाराचा पूर्वीचा अर्ज, तारीख २ मे १८९३, व त्यावरील आपल्या कचेरीचा शेरा : "अर्जदाराचा सदर आरोपीशी संबंध काय, याचा खुलासा करावा."

महोदय,

१. वरील शेरा अर्जदारास पोचला. मागील अर्जात अर्जदाराने पिनल कोडाची दोन कलमे, सुधारणाशाळांचा सन १८७६ चा आक्ट आणि आमच्या स्मृतिकारांची मते असा अकरा पानांचा मजकूर सादर केला होता. एवढ्या मजकुरातून कचेरीने नेमका तोच एक प्रश्न काढला, ज्याचे उत्तर त्या अकरा पानांत अर्जदाराने मोठ्या शिताफीने टाळले होते. ज्याचा जन्म मुलांना प्रश्न विचारण्यात गेला त्याला चांगला प्रश्न ओळखता येतो. हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर या अर्जाच्या सहाव्या परिच्छेदात दिले आहे. तेवढेच वाचून बाकीचा अर्ज फडताळात टाकण्याचा मोह आपल्या चिटणिसांनी आवरावा.

२. हकीकत अशी. मौजे बाळकूम येथील तुळसा ही विधवा मीठागरात मजुरी करते. तिचा नवरा सहदेव हाही मीठागरातच राबे. तो तीन वर्षांमागे तापाने वारला. तिला दोन मुलगे, थोरला गोविंदा व धाकटा राघो. गेल्या एप्रिलच्या आठव्या तारखेस तुळसाने मांदेलीची एक पाटी विकत आणली. ती खारवून, सुकवून कल्याणच्या बाजारात नेऊन विकावी असा तिचा बेत होता. मासळी घरात पसरली तेव्हा घरात मीठ नाही असे दिसले. जिने त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या, तिच्या घरात मीठ नव्हते. या गोष्टीचे आश्चर्य वाटण्याइतका फुरसतीचा माणूस बाळकुमात कोणी नसल्यामुळे तिने राघोला दुकानातून मीठ आणण्यास पिटाळले. राघो बांधावरून निघाला. वाटेत मीठागर लागले. तेथे मिठाची रास होती. त्याने अंदाजे दोन शेर मीठ पंच्यात बांधले आणि घराकडे वळला. मीठखात्याच्या शिपायाने त्याला बांधावरच धरले. त्याने पळण्याचा प्रयत्न केला नाही. उलट शिपायाला वाट दे म्हणाला, कारण मासळी नासत होती. ती नासलीच.

३. कोर्टात राघोला विचारण्यात आले की मीठ का घेतले. त्याचे उत्तर दप्तरात असे आहे : "आयनं सांगला मीठ आन. दुकान लांब व्हता, मीठ जवल व्हता." हे मीठ सरकारचे आहे हे ठाऊक होते काय, असे विचारता तो म्हणाला, "पानी व्हता तवा कोनाचाच नव्हता. सुकला तवा सरकारचा कसा झाला?"

या उत्तराने कोर्टात हशा पिकला, आणि तो हशाच त्या मुलास भोवला. फैसल्यात मॅजिस्ट्रेट साहेब लिहितात की, आरोपी वयाच्या मानाने फार चलाख असून कोर्टास उलट प्रश्न करण्याचे धार्ष्ट्य त्याच्या अंगी आहे, सबब त्यास सुधारणेची निकड विशेष आहे. अर्जदाराने अर्थशास्त्रावरील इंग्रजी व मराठी मिळून बरेच ग्रंथ वाचले आहेत. समुद्राचे पाणी कोणत्या घटकेस सरकारचे होते, याचे उत्तर त्यांपैकी एकातही नाही. ज्या प्रश्नाला पंडित निरुत्तर होतात तो विचारणारे मूल अपराधी, आणि जे निरुत्तर झाले ते न्यायाधीश, अशी वाटणी तेथे झाली. मुलाला खरोखरच काही कळत नव्हते म्हणून त्याने विचारले, ही शक्यता कोणाच्या मनास शिवली नाही. न कळणारी माणसेच प्रश्न विचारतात. कळणारी गप्प बसतात. त्या दिवशी त्या खोलीत बाकीचे सगळे गप्पच होते.

४. आता वयाचा मुद्दा. कायद्याच्या या जिन्याला तीन पायऱ्या आहेत. सात वर्षांखालील मुलाने काहीही केले तरी तो अपराध नाही, असे पिनल कोडाचे ८२ वे कलम सांगते. सात ते बारा यांमधील मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी बुद्धी आली होती काय, हे पाहावयाचे, आणि ती आली नसेल तर त्याचे कृत्यही अपराध नव्हे, असे ८३ वे कलम सांगते. बारा पुरी झाली म्हणजे ही चौकशी संपली. त्यापुढे सोळा वर्षांपर्यंतच्या मुलास तुरुंगाऐवजी सुधारणाशाळेत पाठविता येते. ही सवलत आहे असे सरकार समजते. तीन महिन्यांच्या कैदेऐवजी पाच वर्षांचा बंदिवास, अशी ही सवलत आहे.

राघोला मधल्या पायरीवर कोणी उभेच केले नाही. त्याला उचलून एकदम तिसरीवर ठेवले. त्याची आई वय सांगू लागली तेव्हा तिचे ऐकून घेतले, पण लिहून घेतले नाही. तुळसाला साल सांगता येत नाही. तिने कनवटीचा एक दोर काढून दाखविला. जाळ्याच्या सुताचा वीतभर दोर, त्याला गाठी. दरवर्षी मीठागरात पहिले मीठ निघाले की ती घरी येऊन त्या दोराला एक गाठ मारते. राघो जन्मला त्यानंतरच्या हंगामापासून हा क्रम तिने एकदाही चुकविलेला नाही. नवरा गेला त्या वर्षीही तिने गाठ मारली. कोर्टात ती म्हणाली, "पयलं मीठ निंगलं का येक गाठ. मोजा तुमी. नव हान. दहावी मी आजून मारली नाय." यावर कारकून म्हणाला, "बाई, ही कचेरी आहे, जाळी विणायची जागा नव्हे." दोर म्हणजे दस्तऐवज नव्हे, म्हणून तो तिच्या हाती परत देण्यात आला.

बाळकूमच्या पाटलाच्या जन्ममृत्यूच्या बुकात राघोचे नाव नाही, कारण तुळसा बाळंतपणाला माहेरी डोंबिवलीस गेली होती. डोंबिवलीच्या बुकात नाही, कारण मूल बाळकूमचे, तेव्हा ते बाळकूमचा पाटील लिहील असे डोंबिवलीचा पाटील समजला. दोन्ही पाटील आपापल्या परीने बरोबर होते. त्यांच्या या बरोबरपणात एक मूल सरकारच्या हिशेबी जन्मलेच नाही. अशा स्थितीत कोर्टाने एकच लेखी पुरावा ग्राह्य धरला. तो म्हणजे बाळकूमच्या शाळेचा पटबूक. त्यात लिहिले आहे : राघो सहदेव, जन्मतारीख १ जून १८८०. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी वय बारा वर्षे दहा महिने. येथे ८३ वे कलम मिटले, आणि कोर्ट जेवावयास उठले.

५. हाच पटबूक अर्जदाराने या महिन्यात पुन्हा पाहिला. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. कोर्टाने ज्या पानावरील बारावी ओळ वाचली त्या पानावर एकंदर तेवीस ओळी आहेत. बाकीच्या बावीस ओळी वाचण्याचे श्रम कोर्टाने घेतले असते तर त्यास असे आढळले असते की, या तेवीसही मुलांचा जन्म एकाच दिवशी, म्हणजे १ जून १८८० रोजी झालेला आहे. बाळकूम हे गाव अर्जदाराच्या पूर्ण परिचयाचे आहे. तेथे तेवढी घरेही त्या काळी नव्हती. सुईण एकच होती, गंगुबाई. तिने त्या दिवशी काय भोगले असेल याची कल्पनाच करावी. शिवाय त्याच पानावर चौथ्या ओळीत गोविंदा सहदेव आहे, राघोचा सख्खा थोरला भाऊ. त्याचीही जन्मतारीख तीच. त्यांना जुळे म्हणावे, तर गोविंदाचा आवाज फुटला असून ओठावर लव आली आहे, आणि राघोचे दुधाचे दात अद्याप पडत आहेत. एका घरातले दोन मुलगे, एक तारीख, आणि दोघांत चार वर्षांचे अंतर. साक्षीपुराव्याचा कायदा ज्याने नुसता चाळला असेल त्यालाही येथे थबकावेसे वाटावे. कोर्ट थबकले नाही. लिहिलेले होते, म्हणून ते खरे होते.

६. अर्जदाराचा संबंध काय? ते पान अर्जदाराने लिहिले.

सन १८८२ पासून १८८९ पर्यंत अर्जदार बाळकूमच्या शाळेचा हेडमास्तर होता. त्यापूर्वी कल्याणास अठरा वर्षे होता. कल्याणास मुले चालत शाळेत येत. बाळकुमास मास्तराला मीठागरात जाऊन मुले वेचून आणावी लागत. सन १८८७ च्या तपासणीस जे साहेब आले त्यांनी लिहून ठेवले की, ही शाळा नसून लहान पोरे सांभाळण्याची जागा आहे. येत्या वर्षी आठ वर्षांखालील मुलगा पटावर धरला जाणार नाही, आणि पट वीसच्या खाली आढळल्यास शाळा बंद करावी. आठ वर्षांवरील मुलगे मीठागरात होते. आठ वर्षांखालील होते ते शाळेत होते. अर्जदारापुढे दोन मार्ग होते. एक, शाळा बंद होऊ द्यावी. दुसरा, शाळेतील सर्व मुलांस एका दिवसात आठ वर्षांचे करावे.

अर्जदाराने एका संध्याकाळी नवी लेखणी तासून नवा पटबूक आखला, आणि पुढच्या तपासणीच्या वर्षातून, म्हणजे १८८८ मधून, आठ वजा करून आलेली एकच तारीख तेवीस वेळा लिहिली. दर मुलाला निराळी तारीख देता आली असती. ती दिली नाही याचे कारण आळस नव्हे. वाचणारा साहेब हसेल, विचारील, आणि मग त्याला खरे काय ते सांगता येईल, अशी अर्जदाराची समजूत होती. साहेबांनी पान पाहिले, "ठीक" असे लिहिले आणि ते पालखीत बसून गेले. शाळा राहिली. त्या तेवीसांत गोविंदा तेवढा खरोखरीच आठ वर्षांचा होता. राघो चार वर्षांचा होता. तो त्या वेळी अर्जदाराच्या खुर्चीखाली बसून पाटीवर थुंकून ती पुशीत होता. त्याला आपण आठ वर्षांचे झालो याची खबर नव्हती. ती त्याला परवा कोर्टात मिळाली.

जी नोंद शाळा वाचविण्यासाठी केली, ती एके दिवशी मुलाला शाळेतच कोंडण्याच्या कामी येईल, हे अर्जदाराला त्या वेळी सुचले नाही. अर्जदार हा स्वतःस बुद्धिमान समजत असे.

७. निकालानंतर चौथ्या दिवशी तुळसा नौपाड्यास अर्जदाराच्या दारी आली. भर उन्हात बाळकुमाहून चालत आली होती, पण ओटीवर बसली नाही, पाणीही घेतले नाही. रडली नाही. दोर पुढे धरून उभी राहिली. म्हणाली, "मास्तर, तुमी माज्या पोराला कागदावं मोटा केलाव. आता तुमीच ल्हान करा." अर्जदाराने तिला कायदा समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. अपील, मुदत, नक्कल, तिकीट. तिने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "लिवताना येवढा वेल लागला व्हता काय?"

अर्जदारास वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत अनेक विद्वानांनी निरुत्तर करण्याचा प्रयत्न केला आहे. तो एकाच व्यक्तीला साधला, आणि तिला सही करता येत नाही.

तिच्याबरोबर गोविंदा होता. तो दूर आंब्याखाली उभा होता. तो दोन दिवस कोर्टाच्या आवारात जाऊन येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, असे त्याच्याकडूनच कळले : "कागुद माजा हाय. बारा वर्सांचा मी हाय. मना न्या, त्याला सोडा." पट्टेवाल्याने त्याला दोन वेळा हाकलले. तिसऱ्या वेळी त्याला विचारले, "तू मीठ चोरलंस काय रे?" तो म्हणाला, "नाय. पन चोरीन." हे बोलणे मी येथे मुद्दाम लिहितो, कारण गुन्हा होण्यापूर्वीच तो कबूल करणारा आरोपी सरकारास फारसा भेटत नसेल. कायद्याने सांगितलेले वय ज्याचे आहे तो बाहेर उभा राहून आत घ्या म्हणतो आहे, आणि ज्याचे नाही तो आत आहे. (येथे "मी" असे लिहिले गेले. अर्जदाराने आयुष्यभर मुलांच्या निबंधांत अशा ठिकाणी तांबडी रेघ ओढली आहे. ही राहू द्यावी.)

८. अर्जदार परधर्मीय राज्यकर्त्यांपुढे पुराण सांगू इच्छीत नाही. परंतु हा मुद्दा पिनल कोडाहून जुना आहे, आणि त्याचा एक निकाल झालेला आहे. आमच्याकडे एका ऋषीची कथा आहे. राजाच्या शिपायांनी चोर समजून त्याला सुळावर दिले. तो निरपराध होता. पुढे यमधर्माच्या दरबारी जाऊन त्याने विचारले की ही शिक्षा मला कोणत्या कृत्याची? यमधर्माने दप्तर काढून वाचले : लहानपणी तू एका पाखराच्या शेपटीत काडी खुपसलीस. ऋषीने दुसरा प्रश्न विचारला : त्या वेळी माझे वय काय होते? जो प्रश्न विचारला असता शिक्षा द्यावयासच नको होती, तो प्रश्न खुद्द धर्माच्या दरबारात कोणी विचारला नव्हता. तेव्हा ऋषीने यमधर्माला शाप दिला, आणि मृतांचा न्याय करणारा तो अधिकारी एका दासीच्या पोटी माणूस म्हणून जन्मास आला. त्याच वेळी त्या ऋषीने मर्यादा घालून दिली की चौदा वर्षांपर्यंत मुलास पातक नाही.

अर्जदार शाप देण्याच्या योग्यतेचा नाही. परंतु वय नीट न तपासल्याबद्दल सृष्टीतील सर्वांत वरिष्ठ मॅजिस्ट्रेटाची नेमणूक रद्द झाली होती, आणि त्यावर कोठेही अपील चालले नाही, हे आपल्या नजरेस आणणे हे तो आपले कर्तव्य समजतो. आमच्या स्मृतिकारांनी पाच वर्षांखालील मुलास दंड नाही व प्रायश्चित्तही नाही असे म्हटले, आणि सोळांच्या आतल्यास अर्धे प्रायश्चित्त सांगितले. सात, बारा, सोळा. पाच, चौदा, सोळा. आकडे कोणाचेही घ्या. नऊ वर्षांच्या मुलाला दोन शेर मिठासाठी पाच वर्षे आईपासून तोडावे, असे यांपैकी एकाही आकड्यातून निघत नाही. ते निघाले ते केवळ अर्जदाराच्या आकड्यातून.

सुधारणाशाळेविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. तेथे सुतारकाम शिकवितात, वेळेवर जेवू घालतात, असे तो सरकारी अहवालांत वाचतो. राघो पाच वर्षांनी तेथून बरा सुतार होऊन बाहेर पडेल. पण त्याला बाळकूमची वाट कोणाला तरी विचारावी लागेल, आणि त्याची बोली ऐकून आईला तो पाहुणा वाटेल. ही सुधारणा कोणी मागितली होती?

९. आता या प्रकरणातील एकमेव खरा कागद.

पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात राघोची रवानगी होणार असल्याने तोवर तो येथील तुरुंगात आहे. या महिन्याच्या चौदाव्या तारखेस अर्जदार परवानगी घेऊन त्याला भेटला. त्याच्या वरच्या दातांत एक खिंडार होते. दात दोन दिवसांपूर्वी पडला होता. पडलेला दात घराच्या छपरावर टाकल्यावाचून नवा येत नाही, असे बाळकूमचे लोक मानतात, त्यामुळे मुलाने पहाऱ्यावरच्या शिपायाला, धोंडीबाला, तो छपरावर टाकण्यास सांगितले होते. धोंडीबा साताऱ्याकडचा, स्वतः चार मुलांचा बाप. त्याने दात टाकला नाही. अर्जदाराने कारण विचारता तो खालच्या आवाजात म्हणाला, "मास्तर, कैद्याजवळ सुपारी घावली तरी लिवून घ्यावी लागती. ह्यो तर अंगचा दात. मी फेकला आन् उद्या साह्यबानं मोजला, तर मी काय माजा काढून देऊ?" म्हणून त्याने दात कागदाच्या पुडीत बांधून कचेरीत जमा केला. कैद्याच्या चीजवस्तूंच्या यादीत आता अशी नोंद आहे :

पंचा १. करगोटा १. दात १, लहान.

अर्जदाराने ही नोंद स्वतः पाहिली व नक्कल करून घेतली. या प्रकरणात दोर अमान्य झाला, आईचे म्हणणे लिहून घेतले गेले नाही, दोन पाटलांची बुके मुकी राहिली, आणि एक खोटे पान खरे ठरले. यात राघो लहान आहे असे सरकारने स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या दप्तरात, कोणाच्याही सांगण्यावाचून लिहिले ते एवढ्या एकाच ठिकाणी. धोंडीबाने तो शब्द का लिहविला असे विचारता तो म्हणाला, "बारका हाय म्हनून. दुसरं काय लिवनार?"

अर्जदार चाळीस वर्षे लेखनाचा धंदा करीत आला. पाहावे आणि जसे दिसेल तसे लिहावे, ही गोष्ट त्याला एका पहारेकऱ्याने शिकविली. भेटीची वेळ संपली तेव्हा राघोने एकच गोष्ट विचारली. नवा दात सुधारणाशाळेत येईल, की घरी गेल्यावर येईल? अर्जदाराने त्याला घरी असे सांगितले आहे. हे वचन देण्याचा अर्जदारास अधिकार नव्हता. तो आता आपण द्यावा.

१०. सबब अर्जदाराची मागणी पुढीलप्रमाणे आहे. ती विनंती म्हणून लिहिण्याची रीत असली तरी.

पहिली गोष्ट, राघोला सिव्हिल सर्जन साहेबांपुढे उभे करून त्याचे दात, हाडे व उंची तपासवावी, आणि रवानगीचा हुकूम तोवर तहकूब करावा. वय नऊ ठरल्यास ८३ व्या कलमाची चौकशी करावी. ती अर्ध्या घटकेत संपेल, कारण त्याला मीठ कोणाचे ते अजूनही कळलेले नाही.

दुसरी, पटबुकात खोटी तारीख लिहिल्याबद्दल अर्जदारावर खटला भरावा. कोणते कलम लावावे हे आपण ठरवावे. अर्जदाराने वाचून पाहता निदान तीन लागू पडतील असे दिसते. येथे आपल्यापुढे दोनच वाटा आहेत. पटबूक खोटा असेल तर गुन्हेगार अर्जदार आहे, आणि मुलगा घरी गेला पाहिजे. पटबूक खरा असेल तर सत्यवादी अर्जदाराची माफी मागून, बाळकुमात एका दिवशी तेवीस मुले जन्मल्याचा चमत्कार सरकारी गॅझेटात छापला पाहिजे. पटबूक राघोपुरता खरा आणि इतरांपुरता विनोद, ही तिसरी वाट अर्जदार आपणास घेऊ देणार नाही.

ती आपण घेऊच नये म्हणून कळवितो की, पुढच्या आठवड्यातील गुरुवारी, तारीख १ जून रोजी, सरकारी दप्तराप्रमाणे त्या तेवीस मुलांची तेरा वर्षे पुरी होतात. त्या दिवशी सकाळी दहा वाजता अर्जदार शाळेकडून मागून घेतलेला मूळ पटबूक काखेत घेऊन बावीस मुलांसह आपल्या कचेरीपुढे हजर होईल. त्यांत दोन मुले अशी आहेत की त्यांना त्यांच्या आया कडेवर घेऊन येऊ म्हणत होत्या. ती नऊ वर्षांची झाली असल्यामुळे अर्जदाराने तसे करू दिले नाही. ही मुले ओळीने उंचीप्रमाणे उभी केली जातील. त्यांच्याकडे पाहून यांचा जन्म एका दिवशी झाला असे ज्या अधिकाऱ्यास म्हणवेल त्याने तसे लिहून सही करावी. मुले शांत उभी राहतील. गडबड केल्यास ती अर्जदार करील, आणि त्यासाठी त्याच्या वयाची चौकशी करण्याचे कारण पडणार नाही.

तेविसाव्या मुलाची जागा ओळीत मोकळी ठेवली जाईल. ती कोठे असावी हे गोविंदाला ठाऊक आहे, त्याच्या बरगडीपाशी.

तिसरी व शेवटची मागणी सोबतच्या यादीत शेवटी लिहिली आहे. ती किरकोळ आहे, आणि तिला कोणत्याही कलमाचा आधार नाही.

या प्रकरणात जेवढी नम्रता उरली आहे तेवढीनिशी, आपला,

मोरेश्वर बापूजी कारखानीस
वय वर्षे ६३ (हे वय अर्जदाराने स्वतः लिहिले असल्यामुळे सरकारने दुसरीकडून पडताळून घ्यावे.)
मौजे नौपाडे, तारीख २२ मे सन १८९३.

सोबत जोडलेले कागद व वस्तू :

१. बाळकूमच्या शाळेच्या पटबुकातील पानाची नक्कल, तेवीस ओळी. कृपा करून सर्व वाचाव्या.

२. अर्जदाराचा कबुलीजबाब, स्वदस्तुरचा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

३. कैद्याच्या चीजवस्तूंच्या यादीची नक्कल.

४. नऊ गाठींचा दोर. जोडलेला नाही. तुळसा तो देत नाही. म्हणते, "येकदा दिला व्हता. मोजला कोनी?" आपणास तपासावयाचा असल्यास तिला बोलवावे; ती हातात धरून मोजून दाखवील. दहावी गाठ येत्या हंगामात पडावयाची आहे.

५. दात एक, लहान. तो सरकारच्या ताब्यात असल्यामुळे जोडता आला नाही. मूळ पाहून खात्री करून घ्यावी आणि मग मुलासह त्याच्या आईच्या हवाली करावा. बाळकुमास येत्या पंधरवड्यात घरे शाकारून होतील; तुळसाने आपल्या छपराचे काम थांबवून ठेवले आहे.